सोनं लालसर का, पिवळं का? पहिल्यांदा दागिना घेणाऱ्यांसाठी

लग्नाची खरेदी झाली की मुंबईतल्या घरांत एक वाद हमखास होतो. पाटल्या दादरला घेतलेल्या, बांगड्या झवेरी बाजारातून आणलेल्या. दोन्ही एकाच हातात चढवल्या की पाटली लालसर आणि बांगडी पिवळीधमक दिसते. मग मावशी म्हणते, "अगं, यात तांबं घातलंय, फसवलं तुला." मावशीचं अर्धं बरोबर आहे. तांबं आहेच. पण ते बहुतेक वेळा त्या पिवळ्या बांगडीतही असतं, आणि दोन्हींवर ९१६चा खरा शिक्का असेल तर दोन्हींत सोनं तेवढंच आहे.

मी सराफी पेढीच्या काउंटरवर बसते. हा प्रश्न घेऊन कुणी आलं नाही असा दिवस क्वचितच जातो. म्हणून पहिल्यांदा सोनं घ्यायला निघालेल्यांसाठी, ज्या क्रमाने बघायला हवं त्या क्रमाने लिहिते. पूर्ण लेखात धरून ठेवायची गोष्ट एकच: रंगावरून सोन्यात काय मिसळलंय याचा अंदाज येतो, सोनं किती आहे ते कळत नाही.

१. घरून निघण्याआधी: थोडा हिशोब

चोख सोनं म्हणजे २४ कॅरेट. त्याचा रंग गडद पिवळा असतो, किंचित नारिंगीकडे झुकणारा. हा रंग सोन्याचा स्वतःचा आहे. बहुतेक धातू चांदीसारखे पांढरे किंवा करडे असतात, ठळक रंग असलेले धातू म्हणजे सोनं आणि तांबं. कारण थोडक्यात असं: सोन्याचा अणू जड आहे, त्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन. त्यामुळे केंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात आणि सापेक्षतावादाचा परिणाम तिथे जाणवायला लागतो. इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधलं अंतर त्याने कमी होतं, इतकं की सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. परत येतो तो पिवळा आणि लाल. चांदीत हेच अंतर जास्त असल्यामुळे ती दिसणारे सगळे रंग परतवते आणि पांढरी दिसते. विज्ञान एवढं पुरे.

चोख सोनं मऊ असतं. वेढणी, नाणं, बिस्किट याला ते चालतं, रोज वापरायच्या पाटलीला चालत नाही. म्हणून त्यात दुसरे धातू घालतात. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५०, १४ कॅरेट म्हणजे ५८५. उरलेले भाग कशाचे, यावर दागिन्याची छटा ठरते.

तांबं घातलं की सोनं लालसर होतं. चांदी घातली की फिकट होतं, आणि बरीच घातली तर हिरवट झाक येते. दोन्ही सारखी घातली तर आपण ज्याला साधं 'पिवळं' म्हणतो तो रंग मिळतो. जस्तही थोडं घालतात, विशेषतः साच्यात ओतून करायच्या दागिन्यांत. पॅलेडियम किंवा निकेल घातलं तर पिवळेपणा मरतो आणि पांढरं सोनं तयार होतं.

२२ कॅरेटमध्ये या खेळाला जागा कमी असते, शंभर ग्रॅममध्ये जेमतेम साडेआठ ग्रॅम. तरी डोळ्याला फरक कळतो. १८ कॅरेटमध्ये पाव हिस्सा मोकळा असतो, म्हणून तिथे गुलाबी, पिवळं, पांढरं, हिरवट असं सगळंच करता येतं. गुलाबी म्हणून विकतात त्या १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं, साधारण २२ टक्के तांबं आणि बाकी चांदी असते. नेहमीच्या पिवळ्या १८ कॅरेटमध्ये तांबं आणि चांदी प्रत्येकी साडेबारा टक्क्यांच्या आसपास. सोनं दोन्हीकडे तेवढंच, म्हणून सोन्याचा भावही तोच. गुलाबी म्हणून कुणी सोन्याचा दर वेगळा सांगत असेल तर कारण विचारा.

अजूनही शंका असेल तर आजीच्या डब्यातली गिन्नी काढा. ब्रिटिश गिन्नीत बारा भागांत अकरा भाग सोनं असतं, म्हणजे २२ कॅरेट, आणि उरलेला भाग तांब्याचा. म्हणून ती चांगली लालसर दिसते. सिडनीच्या टांकसाळीत सुरुवातीच्या काळात निघालेल्या गिन्न्यांत मात्र तांब्याऐवजी चांदी होती. कस, म्हणजे सोन्याचं प्रमाण, तोच, पण त्या पिवळट. १९१८ साली गिन्न्या आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडल्या होत्या. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर 'आय' हे बारीकसं इंग्रजी अक्षर. घरात असेल तर भिंगाने बघा, आणि सापडली तर मोडायला काढू नका.

२. "दुबईचं सोनं जास्त पिवळं" हे डोक्यातून काढा

सोनं कुठल्या खाणीतून आलं, कुठल्या देशातून आलं, याचा छटेशी संबंध नाही. शुद्ध केलं की सगळं सोनं एकच. झवेरी बाजारात झारेकरी कारखान्यांबाहेरची धूळ झाडून नेतात, गटाराचा गाळ धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. ते कण आटवून शुद्ध केले की मिळणारं सोनं आणि परदेशातून आलेल्या बिस्किटाचं सोनं यांत रंगाने काडीचा फरक नसतो. दुबईहून आणलेली चेन वेगळी दिसते ती तिथल्या कारखान्याच्या मिश्रणामुळे आणि पॉलिशमुळे.

इथेही प्रत्येक कारखान्याचं मिश्रण आपापलं असतं. हाताने घडवायच्या दागिन्याला सोनं लवचीक लागतं, मशीनवर विणायच्या साखळीला वेगळं, ओतीव कामाला आणखी वेगळं. म्हणून एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या मंगळसूत्राच्या वाट्या आणि साखळी यांचाही रंग जुळेलच असं नाही. दोन्ही बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या असतात.

३. दुकानात: छटा नीट बघा

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे, आणि फसवणारा दुकानदारच असतो असं नाही. डोळेच फसवतात.

दुकानातले दिवे बहुतेक पिवळे असतात. त्या उजेडात फिकट सोनंही भरल्यासारखं दिसतं. हिऱ्यांच्या काउंटरवर पांढरे दिवे असतात, तिथे तेच सोनं निस्तेज वाटतं. त्यामुळे दागिना आवडला की विक्रेत्याला सांगा, "जरा दारापाशी उजेडात बघू." चांगल्या पेढीवर याला कुणी नाही म्हणत नाही, सोबत एक माणूस येतो इतकंच. दादरला किंवा गिरगावात हे सोपं जातं. मुंबादेवीच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत दुपारीही ऊन खाली उतरत नाही, तिथे वरच्या मजल्यावरचं दुकान असेल तर खिडकी गाठा. उन्हाच्या झोतात धरू नका, सावलीतला उजेड हवा. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश या कामाला फार चांगलं.

मग दागिना कशावर ठेवलाय ते बघा. आम्ही सोनं गुलाबी कागदात बांधतो, ट्रेमध्ये लाल किंवा निळी मखमल असते. या सगळ्यावर सोनं उठून दिसतं, ते त्यासाठीच आहे. तुलना करायची तर साधा पांढरा कागद मागा. बिलाच्या कागदाची मागची बाजूही चालते. दोन्ही दागिने त्यावर एकमेकांना चिकटवून ठेवा. एक आत्ता आणि दुसरा पाच मिनिटांनी बघितला तर डोळ्याला छटा आठवत नाही.

तुलना सारख्या पृष्ठभागांची करा. चकचकीत पॉलिशच्या शेजारी मॅट ठेवलं तर मॅट नेहमी वेगळंच दिसणार. एक गंमत घरीही करून बघता येईल: मंगळसूत्राची वाटी पालथी करा आणि तिच्या आत बघा. आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद, जवळजवळ केशरी दिसेल. धातू तोच आहे. आत प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर आपटत बाहेर येतो, आणि दर वेळी सोनं थोडा निळा प्रकाश गिळतं. त्यामुळे उरलेला प्रकाश अधिकाधिक लालसर होत जातो. खोल नक्षीच्या खाचांतही हेच होतं. म्हणून बारीक नक्षीचा तोडा आणि सपाट बांगडी एकाच सोन्याची असली तरी तोडा जास्त तांबूस वाटतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून छटा ठरवू नका. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो. आत्येने फोटो बघून "फिकट आहे गं" म्हटलं तर ती फोनबद्दल बोलतेय, दागिन्याबद्दल नाही.

४. विचारा: "याला वरून रंग दिलाय का?"

दिसतो तो रंग धातूचा आहे की वरच्या थराचा, हे वेगळं बघावं लागतं.

पांढऱ्या सोन्याचं उदाहरण सोपं आहे. ते मुळात थोडं पिवळट किंवा करडं असतं. दुकानातली ती आरशासारखी पांढरी चकाकी बहुतेक वेळा वरून दिलेल्या ऱ्होडियम या पांढऱ्या धातूच्या मुलाम्याची असते. रोज घातलेल्या अंगठीचा मुलामा काही वर्षांत तळव्याच्या बाजूने झिजतो आणि खालचा रंग डोकावतो. यात लबाडी काही नाही, फक्त पुन्हा मुलामा द्यावा लागेल हे घेतानाच माहीत असावं.

पिवळ्या दागिन्यांवरही रंग चढवतात. जुनी पद्धत मीठ, तुरटी आणि सोऱ्याची. या मिश्रणात दागिना तापवला की पृष्ठभागावरचं तांबं आणि चांदी निघून जातात आणि वर चोख सोन्याचा पातळ पापुद्रा उरतो. म्हणजे बाहेरून काही न घालता दागिना जास्त पिवळा होतो. आता विजेवर चोख सोन्याचा पातळ मुलामा देतात. देवळातल्या दागिन्यांच्या धर्तीवरच्या मॅट हारांना गेरूचा तांबूस रंग देतात, तो तर सरळ वरूनच असतो.

हे ओळखायचं तर झिजणाऱ्या जागा बघा: अंगठीची खालची बाजू, फाशाचा हूक, साखळीच्या दोन कड्या एकमेकींवर घासतात ती जागा. नव्या दागिन्यात झीज नसते, म्हणून विचारायचंच. जुना दागिना हातात असेल तर भिंगातून जोड बघा. कडी जिथे जोडलीय तिथे केसाएवढी एक रेघ दिसते, बाकीच्यापेक्षा फिकट किंवा तांबूस. ती झाळ, म्हणजे जोडासाठी वितळवून लावलेला धातू. झाळेचं मिश्रण वेगळं असतं, कारण ती दागिन्याच्या आधी वितळायला हवी. पूर्वीच्या झाळेत सोनं बरंच कमी असायचं. म्हणून खूप जोड असलेला जुना दागिना आटवला की एकूण कस उतरतो आणि मोड देताना तूट लागते. मधल्या काळात कॅडमियमची झाळ आली, 'केडीएम' नावाने ती विकलीही गेली. तिने कस टिकायचा, पण कॅडमियमचा धूर कारागिरांच्या फुप्फुसात जायचा. आज कुणी केडीएम म्हणजे शुद्धतेची खूण म्हणून सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

५. कस फक्त शिक्क्यावरून

आता छटा बाजूला ठेवा आणि भिंग मागा. दागिन्याच्या आतल्या बाजूला तीन खुणा हव्यात: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, कस (२२ कॅरेटला '२२के९१६', १८ला '१८के७५०', इंग्रजी आकड्या-अक्षरांत) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. हॉलमार्क १६ जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

शिक्का बघून थांबू नका. फोनवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या आणि तो सहा अक्षरी क्रमांक त्यात टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, कस आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. दागिन्याचा प्रकार मुद्दाम वाचा. हातात बांगडी आणि ॲपवर अंगठी असेल तर तिथेच थांबा. हे दुकानातच, पैसे देण्याआधी करायचं. लाजायचं कारण नाही. काउंटरच्या अलीकडे बसून सांगते, ॲप उघडणाऱ्या गिऱ्हाइकाशी सगळेच जरा जपून बोलतात.

दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणजे बारीक चमकी, लहान बाळाच्या बाळ्या. कुंदन, पोलकी, जडावाच्या कामालाही सूट आहे. या वस्तू ओळखीच्या पेढीवरूनच घ्या आणि बिलावर कस लिहून घ्या.

दुकानातलं कस सांगणारं यंत्र, कॅरेटोमीटर, उपयोगी आहे, पण ते वरचा पातळ थरच वाचतं. चौथ्या पायरीत सांगितलेला मुलामा असेल तर आकडा फुगतो. कसोटीचा दगडही घासलेल्या रेघेपुरतंच सांगतो. आजीच्या बिनशिक्क्याच्या दागिन्यांचा कस कळायला हवा असेल तर ब्युरोच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात न्या. झवेरी बाजार परिसरात अशी केंद्रं आहेत, आणि ग्राहकाला चार नगांपर्यंत २०० रुपयांत तपासून मिळतं.

६. छटा निवडा

हे ज्याचं त्याचं. तरी माझं मत विचाराल तर पारंपरिक दागिने, म्हणजे ठुशी, मोहनमाळ, पाटल्या, गोठ, हे एकमेकांसोबत घातले जातात, म्हणून त्यांची छटा जुळलेली बरी. जोडीचे दागिने एकाच वेळी, एकाच पेढीवर सांगा आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर 'रंग पाटलीप्रमाणे' असं लिहून घ्या. नमुन्याला जुनी पाटली ठेवायला लागली तर वजनाची पावती घ्या.

जुळत नाही म्हणून चांगला दागिना मोडायला मात्र माझा सक्त विरोध आहे. पहिली घडणावळ बुडते, नवी द्यावी लागते, वर ३ टक्के जीएसटी, आणि एवढं करून नव्या कारखान्याचा रंग हवा तसा येईल याची खात्री कुणी देत नाही. दोन छटांच्या मध्ये हिरव्या काचेच्या बांगड्या घाला, प्रश्न मिटला.

हिऱ्याच्या अंगठीत पांढऱ्या हिऱ्याला पिवळं सोनं आपली झाक देतं, हिरा अगदी रंगहीन दिसावा असं वाटत असेल तर पांढरं सोनं घ्या. त्वचा नाजूक असेल तर त्यात निकेल आहे की पॅलेडियम ते विचारा, निकेलने काहींना पुरळ येतं. गुलाबी सोनं तांब्यामुळे कणखर असतं, रोजच्या वापराला चांगलं. पण त्यावर मोत्यांची नथ शोभत नाही, असं मला वाटतं.

७. बिल

निव्वळ वजन (खडे, मोती, लाख वगळून), कस, त्या दिवशीचा दर, घडणावळ आणि हॉलमार्कचं शुल्क हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. २२ कॅरेटच्या दागिन्याला २४चा दर लावलेला नाही ना, तेवढं बघा.

८. पुढे रंग बदलला तर

चोख सोनं काळं पडत नाही, दागिन्यात मिसळलेली चांदी आणि तांबं पडतात. म्हणून १४ आणि १८ कॅरेटचे दागिने मुंबईच्या घामट हवेत लवकर मंदावतात, २२चे त्यामानाने कमी. बहुतेक वेळा ती नुसती साय असते, घाम, साबण आणि क्रीमची. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सुती फडक्याने कोरडं करणं, एवढ्याने रंग परत येतो. लाख भरलेली बोरमाळ आणि मोत्यांचे दागिने मात्र पाण्यात बुडवू नका, ओलसर फडक्याने पुसा. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकताना किंवा तरणतलावात जाताना अंगठ्या काढून ठेवा. जुना थर्मामीटर फुटला तर पाऱ्याला दागिना लागू देऊ नका: पारा सोन्यात शिरतो आणि पांढरा डाग पडतो. असा डाग घासून जात नाही. दागिना पिशवीत वेगळा ठेवून सोनाराकडे न्या आणि पारा लागलाय हे आधीच सांगा, कारण तापवल्यावर त्याची वाफ विषारी असते.

दारावर "दागिने चमकवून देतो" म्हणत येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. त्यांच्या वाटीतल्या आम्लात सोनं विरघळतं. दागिना उजळून परत मिळतो आणि काही ग्रॅम त्या वाटीत राहतात. पेढीवर उजळायला दिला तरी देताना आणि परत घेताना आपल्यासमोर वजन करून घ्या, आणि दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर लिहायला सांगा.